बॉस, मासे जेवायचे राहिलेत!

गेल्या मंगळवारची गोष्ट. बीकेसीतल्या एका चकाचक ऑफिसात मीटिंग चालली होती. एसी एवढा गार की सगळे हात चोळत बसलेले. प्रेझेंटेशनची सतरावी स्लाइड आणि माझा फोन थरथरला. स्क्रीनवर ‘बाबा’. कट केला. परत आला. बाबा लागोपाठ दुसऱ्यांदा कधी फोन करत नाहीत, म्हणून धस्स झालं. घेतला.

‘अगं, तीन वाजून गेले. ते निळ्या झाकणाचं संपलंय. पांढऱ्या डब्यातलं देऊ का?’

मी टेबलाखाली वाकले आणि आवाज जमेल तेवढा खाली आणून म्हटलं, ‘द्या. पण अर्धाच चौकोन. आधी वाटीत वितळू द्या, गाळणीत धुवा आणि मग थोडं थोडं घाला. एकदम नको.’

फोन ठेवला तर समोरची क्लायंट बाई एकदम हळवी होऊन माझ्याकडे बघत होती. ‘हाऊ ओल्ड?’ तिने विचारलं. तिला वाटलं, घरी बाळ आहे. मी सांगितलं, बाळ नाही, मासे आहेत. सहा. त्यानंतरची मीटिंग कशी गेली ते विचारू नका.

हा कॉलम नेमाने वाचणाऱ्यांना माझे छंद माहीत आहेत. सालसा तीन महिने. बेकिंग ओव्हन बिघडेपर्यंत. गिटार अजूनही कपाटावर आहे आणि आई दर दिवाळीला ती पुसून परत वर ठेवते. त्यामुळे मी घरात समुद्र आणणार असं जाहीर केलं, तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही. चूक त्यांची नव्हती.

झालं काय, की तीन वर्षांपूर्वी एका प्रेस जंकेटवर मालदीवला गेले होते. फ्रीलान्सरच्या आयुष्यात असा फुकट प्रवास दोन-तीन वर्षांत एकदा येतो, त्यामुळे पोहता धड येत नसताना स्नॉर्कल लावून उतरले. किनाऱ्याजवळचा उथळ भाग संपतो आणि प्रवाळाची भिंत सरळ खाली जाते, त्या कडेवर पाण्यात नारिंगी ढग लटकलेला. शेकडो मासे. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, प्रवाहाच्या विरुद्ध. जागच्या जागी पोहत मधूनच एखादा पुढे झेपावायचा, दिसतही नाही असं काहीतरी टिपायचा आणि परत आपल्या जागेवर. मी हात हलवला तर अख्खा ढग एका क्षणात भिंतीत शिरला. अर्ध्या मिनिटात परत बाहेर. गाइडने वर आल्यावर नाव सांगितलं, अँथिअस. खल्लास!

परत आल्यावर गुगलून काढलं. त्या ढगातले बरेचसे लायरटेल अँथिअस असणार. तांबड्या समुद्रापासून जपान-ऑस्ट्रेलियापर्यंत सापडणारी जात. वर्षानुवर्षं शास्त्रज्ञ त्यांना गोबऱ्याच्या, म्हणजे ग्रुपरच्या कुळात धरत आले, हल्ली त्यांचं वेगळं कुळ मानतात. ताटात येतो तो दोन-चार किलोचा गोबरा आणि हा चार-पाच इंचाचा नखरेल प्राणी एकमेकांचे भाऊबंद, हे ऐकून बाबांनी फक्त ‘बरं’ म्हटलं होतं.

मग योग असा आला की माझ्या एका मित्राला टोरांटोची नोकरी लागली आणि त्याची चार फुटी टाकी, स्टँड, पंप, चिलर, सगळा संसार त्याला मिळेल त्या भावात काढायचा होता. मी उडी मारली. टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच. हिशेब केला तर ३४० लिटर पाणी. बाबा ३६ वर्षं सरकारी ऑफिसात हिशेबाच्या खात्यात होते. त्यांनी लगेच पुढचा आकडा काढला: पाणी, काच, दगड, स्टँड मिळून चारशे किलोच्या वर. ‘आपला स्लॅब १९८८चा आहे,’ ते म्हणाले. शेवटी सोसायटीतल्या एका इंजिनिअरकाकांना बोलावलं. त्यांनी हॉलच्या मधली जागा नाकारली आणि बीमच्या वरची, भिंतीला लागूनची जागा दिली. तिथे आईचं शोकेस होतं. ते बेडरूममध्ये गेलं. या विषयावर घरात अजूनही बोललं जात नाही.

मुंबई-ठाण्यात राहून खाऱ्या पाण्याची टाकी ठेवायची म्हटली की प्रत्येक माणूस एकच सल्ला देतो: ‘समुद्र समोर आहे की! दोन बादल्या भरून आण.’ रिक्षावाल्यापासून डेंटिस्टपर्यंत सगळ्यांनी मला हा जोक ऐकवलाय. आपल्या किनाऱ्याचं पाणी म्हणजे गाळ, गटारं आणि पावसाळ्यात अर्धं गोडं पाणी. त्यात प्रवाळाजवळचा मासा टाकायचा म्हणजे खेळ संपलाच. त्यासाठी आरओचं पाणी घ्यायचं आणि त्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम खास बनवलेलं मीठ विरघळवायचं. दर रविवारी ३५ लिटर पाणी बदलायचं तर सव्वा किलो मीठ. आरओचं मशीन जे पाणी बाहेर फेकतं, त्यात आई फरशी पुसते. एवढाच या छंदाचा घराला झालेला फायदा.

टाकी भरली की मासे सोडायचे नाहीत, हे तरी मी वाचलं होतं. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो आणि तो विषारी. दगडांवर जिवाणूंची वस्ती झाली की ते अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट. ही वस्ती बसायला चार-सहा आठवडे लागतात. तेवढे आठवडे आमच्या हॉलमध्ये रिकाम्या पाण्यासमोर पाहुणे बसायचे आणि विचारायचे, ‘मासे लपलेत का?’

प्रवाळांचं काय, असंही विचारतात. तर कठीण प्रवाळ आणि समुद्री घोडे आपल्याकडे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे वाघाच्या पंगतीत. कुणी ‘मॅडम, आपल्याच समुद्रातला आहे, ताजा’ म्हणत कागदात गुंडाळून देऊ लागला तर सरळ बाहेर पडा. माझ्याकडे मशरूम नावाचे मऊ चकतीसारखे जीव आहेत आणि बटणांसारखे झोअँथिड. झोअँथिडना हात लावताना हातमोजे घालते, कारण त्यांच्यातल्या काहींमध्ये जबरदस्त विष असतं. एवढ्यावर माझी रीफ भागते.

आता मुख्य गोष्टीकडे येते. ती सांगायला मला फार आवडत नाही.

एका मोठ्या असाइनमेंटचा चेक आला होता. मी दुकानात गेले होते नारिंगी लायरटेल घ्यायला. पण समोरच्या टाकीत जांभळे मासे होते. पर्पल क्वीन. जांभळा म्हणजे साधासुधा नाही, निळ्या ट्यूबखाली आतून पेटल्यासारखा. टोरांटोच्या मित्राने जाताना बजावलं होतं, ‘काहीही घे, पर्पल क्वीन घेऊ नकोस.’ मी दुकानदाराला विचारलं, खातात का? तो म्हणाला, ‘सगळं खातात मॅडम.’ ‘खाऊन दाखवा’ असं म्हणायला हवं होतं. दोन मिनिटांचं काम होतं. नाही म्हटलं. पाच घेतले.

पहिले दोन दिवस घरात जत्रा. आईने तिच्या भिशीच्या मैत्रिणी बोलावल्या. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की फ्रोझन मायसिस कोळंबीचे तुकडे त्यांच्या तोंडासमोरून जातायत आणि त्या ढुंकूनही बघत नाहीत. सिग्नलला उभ्या राहून गाड्या जाताना बघाव्यात तशा. मला वाटलं, नवीन जागा आहे, लाजतायत. जेवतील.

माझं तेव्हाचं टाइमटेबल असं: सकाळी नऊला बाहेर, रात्री साडेदहा-अकराला घरी. निघताना एकदा खाणं घालायचं, आल्यावर एकदा. रात्रीचं घातलेलं तर कुणी खायलाच नसायचं, कारण अंधार पडला की अँथिअस दगडांच्या कपारीत जाऊन झोपतात. मी दिवा लावून, झोपलेल्या माशांच्या डोक्यावर अन्न पाडत होते. सकाळी ते सडायचं. आई-बाबांना मी सांगितलं होतं की टाकीला कुणी हात लावायचा नाही, तुम्हाला त्यातलं कळत नाही.

पहिली नवव्या दिवशी गेली. तोपर्यंत मला पोट खपाटीला जाणं म्हणजे काय ते दिसायला लागलं होतं. आधी पोट आत जातं. मग डोक्याच्या मागे, पाठीवर खळगा पडतो. अंगावरचं मांस वापरून मासा पोहत राहतो आणि रंग शेवटपर्यंत तस्साच सुंदर असतो, त्यामुळे फोटोत काहीच कळत नाही. मी त्या दिवसांत फोटो खूप काढले. शेवटची २३व्या दिवशी गेली. ती दगडाच्या आडोशाला एका जागी तरंगत होती आणि मी पिपेटने तिच्या तोंडाशी खाणं सोडत होते. रविवार होता, मला वेळ होता. बाबांनी तिला मोगऱ्याच्या कुंडीत पुरलं. काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

नंतर सगळं नीट वाचलं. खरं तर आधी वाचायचं असतं. तर फंडा असा आहे. समुद्रात अँथिअस प्लवंगांवर जगतात. प्रवाहातून वाहत येणारे कोपेपॉडसारखे बारीक जीव, माशांची अंडी, अळ्या. हे जेवण दिवसभर येत राहतं, दाण्यादाण्याने. मालदीवच्या कडेवर मी जो ढग बघितला तो नाचत नव्हता, जेवत होता. उजाडल्यापासून मावळेपर्यंत. असा प्राणी दिवसातून एकदा पोटभर जेवून राहू शकत नाही. अजगर आठवड्यातून एकदा जेवतो म्हणून आपण चिमणीला आठवड्याने एकदा दाणे टाकत नाही, तसंच. त्यात समुद्रातून पकडलेल्या माशाला गोठवलेला, मेलेला, न हलणारा तुकडा म्हणजे अन्न, हे माहीतच नसतं. त्याला ते शिकवावं लागतं. पर्पल क्वीनसारख्या जाती बऱ्याचदा शिकतच नाहीत. मुरलेले लोकही त्यांच्या वाटेला जात नाहीत.

बरं, जास्त वेळा खाणं घालायचं म्हणजे पाणीही जास्त घाण होणार. नायट्रेट, फॉस्फेट वाढणार, शेवाळ माजणार. म्हणून प्रोटीन स्किमर तगडा हवा. हे यंत्र बारीक बुडबुड्यांच्या फेसातून पाण्यातला मळ वर काढतं आणि कपात जमवतं. तो कप धुणं हे घरातलं सगळ्यात घाणेरडं काम आहे आणि ते माझ्याकडे आहे. टाकीखाली सम्पमध्ये शेवाळाचा एक कप्पा ठेवला तर त्यात कोपेपॉड आपोआप वाढतात आणि थोडे थोडे वर जात राहतात. मधल्या वेळचा चिवडा म्हणा.

पाच महिने टाकीत नुसते दगड होते. मग बाबा रिटायर झाले.

पहिला महिना त्यांनी बँकांची पासबुकं भरून घेतली. दुसऱ्या महिन्यात रोज सकाळी शर्ट इस्त्री करून, तयार होऊन, खिडकीत बसायला लागले. एक दिवस त्यांनीच विचारलं, ‘त्या माशांना दिवसातून किती वेळा लागतं म्हणालीस?’ मी म्हटलं, कमीत कमी तीन, चार-पाच झालं तर उत्तम. ते म्हणाले, ‘मी घरीच असतो.’

या वेळी मी लायरटेल घेतले. नवख्यांसाठी लायरटेल आणि बार्टलेट, या दोनच अँथिअसची नावं मी बिनधास्त घेईन. पांढरा-गुलाबी व्हेंट्रॅलिस फोटोत भन्नाट दिसतो, पण तो खोल, अंधाऱ्या, थंड पाण्यातला. आपल्या उन्हाळ्यात त्याला जगवायचं म्हणजे टाकीलाच स्वेटर घालावा लागेल. दुकान वेगळं निवडलं आणि तिथे वीस मिनिटं उभी राहून एकेक मादी खाताना बघितली. दुकानदार वैतागला. वैतागू दे. एक नर, सहा माद्या. हे मासे असेच राहतात, एका नराभोवती माद्यांचा घोळका. चार फुटी टाकी ही त्यांच्यासाठी कमीत कमी, हेही कबूल करते. सहा फुटी असती तर नर जरा कमी दादागिरी करता.

चार आठवडे त्यांना वेगळ्या टाकीत ठेवलं, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे. बाहेरचे रोग, परजीवी मोठ्या टाकीत जाऊ नयेत म्हणून. तिथे बाबांनी चार्ज घेतला. कोल्ड्रिंकची बाटली उलटी करून, खारं पाणी आणि हवेचा पाइप सोडून आर्टेमियाची अंडी त्यात घालायची. आपल्या उकाड्यात चोवीस तासांत नारिंगी पिल्लं फुटतात. जिवंत, हलणारं खाणं. त्यावर मासे तुटून पडले. मग हळूहळू त्या हलणाऱ्या गर्दीत गोठवलेलं मायसिस मिसळायचं. एक भाग, दोन भाग. दहाव्या दिवशी त्यांनी नुसतं मायसिस खाल्लं, तेव्हा मी ठाणे स्टेशनवर होते आणि बाबांनी फोन करून फक्त ‘खाल्लं’ एवढंच सांगितलं.

बाबांनी वही घातली. रुळांची, लाल मार्जिनची. तारीख, वेळ, काय दिलं, किती, शेरा. सकाळी आठ, साडेअकरा, तीन, सहा. मला हसू यायचं. पण त्या वहीनेच आम्हाला वाचवलं. तिसऱ्या आठवड्यात शेऱ्याच्या रकान्यात सलग चार दिवस ‘धाकटीला मिळाले नाही’ असं लिहिलेलं. मोठ्या माद्या सगळं मटकावत होत्या आणि सगळ्यात छोटी मागे राहत होती. मी दिवसातून एकदा बघून सगळे खातायत असंच म्हटलं असतं. मग आम्ही वेव्हमेकरच्या झोताच्या दोन टोकांना दोन ठिकाणी खाणं सोडायला लागलो. धाकटीचं पोट भरलं.

आणि आईचं योगदान सांगितलं नाही तर मला घरात घेणार नाहीत. एका रविवारी ओट्यावर गाबोळी होती. आईने चिमूटभर कच्ची, बिनमिठाची गाबोळी वाटीत पाण्यात मोकळी केली आणि कुणाला न विचारता टाकीत सोडली. मी किंचाळले. आणि सहाच्या सहा माद्या आणि नर एकदम वेडे झाले! अर्थात होणारच. माशांची अंडी हे समुद्रातही त्यांच्या ताटातलंच पक्वान्न आहे. तेव्हापासून रविवारी गाबोळी आली की आधी त्यांचा वाटा निघतो, मग तव्यावर जाते. रोज नाही, पाणी तेलकट होतं.

नर गेला तो माझ्या आळसामुळे. अँथिअस उड्या मारतात. सगळे सांगतात, टाकीवर जाळी घाला. मी मागवते मागवते म्हणत राहिले. सकाळी आई केर काढायला गेली तर सोफ्याखाली तो सुकून पडलेला. जाळी त्याच संध्याकाळी आली. बाजारात जाऊन मच्छरदाणीचं कापड आणि खिडकीची फ्रेम आणायला मला एकूण दीड तास लागला होता, जो मी दोन महिने काढला नव्हता.

पण त्यानंतर जे बघितलं, त्यासाठी कुणी तिकीट लावलं असतं तरी मी काढलं असतं. अँथिअस जन्माला येतात ते माद्या म्हणूनच. घोळक्यातला नर नाहीसा झाला की वरच्या नंबरची मादी नर होते. १९७० मध्ये लेव्ह फिशेलसन या शास्त्रज्ञाने लायरटेलबद्दल हे ‘नेचर’मध्ये मांडलं, की नर समोर असणं-नसणं यावरच हा बदल ठरतो. पुढे १९८० मध्ये डग्लस शापिरो यांनी ‘सायन्स’मध्ये दाखवलं की जितके नर काढले तितक्याच माद्या नर होतात, एकीनंतर एक, ओळीने. कुणाचा नंबर कुठला हे त्या घोळक्याला पक्कं माहीत असतं. आमच्या अप्रेजलपेक्षा पारदर्शक पद्धत आहे.

आमच्याकडची सगळ्यात मोठी मादी, जिला बाबा ‘थोरली’ म्हणायचे, ती दोन दिवस नुसती अस्वस्थ. चौथ्या दिवशी तिने इतर पाचजणींसमोर वरून खाली आणि परत वर अशा गोलाकार झेपा घ्यायला सुरुवात केली. नर करायचा तस्सं. तिसऱ्या आठवड्यात नारिंगी अंगावर जांभळट झाक आली. मग पाठीवरच्या पराचा एक काटा दोऱ्यासारखा लांब वाढला. वहीत त्या आठवड्याचा शेरा आहे: ‘थोरलीचे वागणे बदलले. जेवण ठीक.’

आता तुम्ही विचाराल, आम्ही घ्यावेत का? सकाळी नऊला निघून रात्री नऊला परत येत असाल आणि घरी दिवसा कुणी नसेल, तर माझं उत्तर नाही असं आहे. पगार कितीही असो. ऑटोमॅटिक फीडर कोरडे दाणे टाकतो, गोठवलेलं खाणं त्यात तासाभरात नासतं, आणि कोरडे दाणे खायला शिकलेला अँथिअस नशिबानेच मिळतो. तुम्ही क्लाउनफिश घ्या. तो टाकीत जन्मलेला मिळतो, दोन वेळा जेवून खूश असतो आणि लहान मुलं त्याला बघून ‘निमो’ ओरडतात. अँथिअस बहुतेक सगळे अजून समुद्रातूनच पकडून येतात. केरळात विळिंजमला सीएमएफआरआयच्या, म्हणजे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या केंद्राने मार्सिया अँथिअसची पैदास टाकीत करून दाखवली आहे. पण दुकानात दिसणारा पिशवीतला मासा हा त्या नारिंगी ढगातून काढलेलाच असणार असं धरून चाला. माझ्या पाच पर्पल क्वीन अशाच कुठल्या तरी भिंतीवरून आल्या होत्या.

आणि घेतलेच तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप आधी घ्या. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई-ठाण्याची वीज एकदम गेली होती ना, तेव्हा ही टाकी मित्राकडे होती. पंप बंद पडले की पाण्यातला ऑक्सिजन भराभर संपतो. तो तासन्‌तास हाताने पेल्याने पाणी वर घेऊन खाली सोडत बसला होता.

गेल्या महिन्यात खरी कसोटी आली. दिल्लीची तीन आठवड्यांची असाइनमेंट, पैसे सॉल्लिड. आणि शेवटच्या चार दिवसांत रत्नागिरीला चुलत भावाचं लग्न. आई-बाबा दोघंही जाणार. बाबा दोन दिवस गप्प होते. मग जेवताना म्हणाले, ‘तू जा एकटी लग्नाला. मी थांबतो.’

आईने पोळीचं ताट खाली ठेवलं. ‘सख्ख्या पुतण्याचं लग्न आहे. लोकांना काय सांगू? मासे जेवायचे होते म्हणून?’

‘तू गाबोळी घालतेस तेव्हा चालतं,’ बाबा म्हणाले. त्यानंतर कुणीच बोललं नाही. शेजारच्या नववीतल्या मुलाला शिकवायचं ठरलं, पण त्याची दुपारची शाळा. तीनचं आणि सहाचं कोण घालणार? एखाद दिवस उपास घडला तर धडधाकट मासा मरत नाही, हे मलाही माहीत आहे. पण चार दिवस, आणि धाकटी आधीच बारीक. मी त्या २३ दिवसांचे फोटो अजून डिलीट केलेले नाहीत.

शेवटी मी क्लायंटला सांगितलं की सतरा दिवसच येईन. चार दिवसांचे पैसे कापले गेले. कारण विचारलं, तर घरगुती अडचण म्हणून सांगितलं. बाबा जाताना फ्रीजरवर कागद चिकटवून गेले, वेळा आणि चौकोनांच्या आकृतीसकट. मला. जिने त्यांना हे सगळं शिकवलं.

लग्नाच्या दिवशी दुपारी साडेतीनला फोन आला. मागे सनई, भांड्यांचा आवाज, कुणीतरी जिलबी कुठे म्हणून ओरडत होतं.

‘जेवण झालं का?’

‘हो बाबा, वरणभात लावला होता.’

‘तुझं नाही गं. त्यांचं. थोरली जेवला?’